पिवळ्या पट्टीची सुरी

सोमवारी सकाळी धुकं असं दाट पडलं होतं, की समोरच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती. नुसता तिच्याखाली झाडू मारणाऱ्या माणसाचा खोकला ऐकू येत होता. अशी हवा धारवाल्यांना मुळीच आवडत नसे. ओलाव्यानं पोलाद रुसतं. आदल्या दिवशी लख्ख पुसून ठेवलेल्या पात्यावर सकाळी तांबूस ठिपके उमटतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हीच गंजवलंत. म्हणून चहाच्याही आधी ते पुढच्या खोलीत आले. पुढची खोली म्हणजेच दुकान. मोटारीवर फिरणारं एक चाक, जाड, मध्यम आणि बारीक असे तीन निसणे, म्हणजे धार लावायचे दगड, पाण्याची पत्र्याची बादली आणि भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या शिंप्यांच्या कात्र्या. एकेक पातं त्यांनी तेलाच्या फडक्यानं पुसलं आणि पुसता पुसता मोजलं. काल होती तेवढीच भरली. तरी पुन्हा मोजली.

स्वभावच तसा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात; हे गृहस्थ पाणीसुद्धा फुंकून पीत. एका डॉक्टरनं गोळी दिली की दुसऱ्याला दाखवायची, आणि दोघांचं एकमत झालं तर दोघं सामील आहेत असं धरून चालायचं. बायको सगळ्यांना सांगायची, "लग्नानंतर यांनी मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? म्हणे, फोटोतली तूच ना?"

एका गोष्टीवर मात्र त्यांचा डोळे झाकून विश्वास. धारेवर. कुणी सुरीनं हाड तोडलं, कुणी दगडी ओट्यावर चिरलं, कुणी तिनंच डब्याचं झाकण उचकटलं, पात्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं की त्यांना सगळं उमगे. उजव्या हाताचा माणूस पातं एका अंगानं झिजवतो, डावरा दुसऱ्या अंगानं. "पात्याला जीभ नसते," ते म्हणत, "म्हणून ते खोटं बोलत नाही."

धुक्यातून टेकडीवरच्या मोठ्या हॉटेलचा कोठीवाला आला. भाजी, भांडी, सुऱ्या, सगळ्याचा ताबा त्याच्याकडे. तीस वर्षं हॉटेलच्या सुऱ्या धारवाल्यांकडेच येत होत्या. पण ही पेटी वेगळी होती. हॉटेलच्या दिवाणखान्यात टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेचं शूटिंग चालू होतं आणि पेटीत स्पर्धकांच्या सुऱ्या होत्या. प्रत्येकीच्या मुठीला वेगळ्या रंगाची पट्टी. ज्याचा जो रंग, त्याचं तेच टेबल, तीच सुरी, शेवटपर्यंत.

"नऊ आहेत, अण्णा," कोठीवाला पेटी ठेवत म्हणाला. "गेल्या आठवड्यात दहा होत्या. एक गळाला."

"कोण?"

"ते सांगितलं तर मी गळेन. आणि सुऱ्या इथं येतात हे कुठं बोलू नका बरं का. कार्यक्रमात सांगतात, धार कंपनीच्या यंत्रावर लावतो म्हणून."

"यंत्र आहे कुठं?"

"जाहिरातीत आहे."

तो गेल्यावर धारवाल्यांनी पेटी उघडली. लाल, निळी, हिरवी... पिवळी होती. जिवात जीव आला. पिवळी म्हणजे त्यांची मुलगी; रंग तिनं जातानाच सांगितला होता.

घरात तिला सगळे डावरीच म्हणत. लहानपणापासून सगळं डाव्या हातानं. शाळेतल्या बाईंनी हातावर पट्ट्या मारल्या, तरी तिनं हात बदलला नाही. आता बत्तीस वर्षांची झाली होती आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज चारशे माणसांचं रांधत होती. स्पर्धेचा अर्ज तिनं गुपचूप भरला. निवड झाल्यावर बापानं विचारलं, "कशासाठी?" तेव्हा म्हणाली, "अण्णा, चारशेंसाठी रोज शिजवते. कुणी चव घेत नाही, नुसती पोटं भरतात. एकदा चार जणांसाठी शिजवून बघायचंय." जिंकणाऱ्याला हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या जेवणघरात नोकरी मिळणार होती. तिथं बाराच टेबलं, आणि परातीएवढ्या ताटलीत बटणाएवढा घास.

धारवाल्यांना त्या जेवणाचा भारी संशय. भुकेल्या माणसासाठी ते केलेलंच नाही, असं त्यांचं मत. पण एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वी तिथल्या आचाऱ्यानं मागच्या दाराशी त्यांना एक चमचा पातळ सूप चाखायला दिलं होतं. दिसायला पाणीच, आत गाजराची एक कागदासारखी चकती. त्या एका घोटात भाजलेला कांदा होता, धूर होता, आणखी काय काय होतं. घरी येईपर्यंत ते जिभेवर रेंगाळलं. पुढे कितीतरी दिवस त्यांना वाटायचं, आचाऱ्यानं त्यात काहीतरी घातलं असणार. एवढं चांगलं नुसतं कसं लागेल?

तर डावरी स्पर्धेत गेली. जाताना चार पानी कागदावर सही करून गेली: आत काय घडतं ते कुणाला सांगणार नाही. राहायचं हॉटेलातच, बाद झालं तरी. गुपित फुटू नये म्हणून. रविवारी अर्धा दिवस घरी यायचं आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत जायचं. एवढं गुप्त काय असतं स्वयंपाकात? धारवाल्यांच्या डोक्यात पहिला किडा तिथंच वळवळला.

दुसरा किडा दहा सुऱ्या पहिल्यांदा आल्या, त्याच्या आदल्या शनिवारचा. निवड फेरी टीव्हीवर लागली. डावरी डाव्या हातानं कांदा चिरताना दिसली, आणि बायको पदर डोळ्याला लावणार तेवढ्यात पडद्यावर नुसते हात आले. सटासट, सटासट, विजेसारखी सुरी.

"हे हात आपल्या पोरीचे नाहीत," धारवाले म्हणाले.

"गप बसा हो."

"तिच्या अंगठ्यावर कढईचा डाग आहे. या अंगठ्यावर कुठं आहे?"

"पावडर लावली असेल."

"अंगठ्याला?"

बायकोनं टीव्हीचा आवाज वाढवला. धारवाले मात्र मनात म्हणाले, पाणी कुठंतरी मुरतंय.

आणि म्हणूनच, खरं सांगायचं तर, पहिल्या आठवड्यात दहा सुऱ्या आल्या तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली होती. सगळ्या सुऱ्यांना उजव्या हाताची धार होती. अशी सुरी डाव्या हातात घेतली की भाजीत वाकडी शिरते. चकती एकीकडे जाड, एकीकडे पातळ. बाकीच्या नऊ जणांना सरळ सुरी आणि आपल्या पोरीलाच वाकडी? हा डाव असेल तर आपणही कच्चे नाही. त्यांनी पिवळ्या पट्टीच्या सुरीला उलटी, डाव्या हाताची धार लावली. कोठीवाल्याला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

आज तीच सुरी आठवडाभर राबून परत आली होती. धारवाल्यांनी तिच्यावरून नख फिरवलं आणि त्यांचा हात थांबला. चष्मा लावला, सुरी दिव्यापाशी नेली. पातं उजव्या हातानं वापरलं गेलं होतं. शंकाच नको. हट्टानं, जोर लावून, पण उजव्याच हातानं.

म्हणजे पोरीची सुरी दुसरंच कुणीतरी चालवत होतं.

त्यांनी दुपारपर्यंत विचार केला. ते सटासट हात आठवले. पोरीला नुसतं उभं करतात आणि चिरतं दुसरंच कुणी. मग एक दिवस म्हणतील, तुला काही येत नाही, जा घरी. कँटीनमधली नोकरी बिनपगारी रजेवर टांगलेली. ना तिथली, ना इथली. धारवाल्यांनी दात आवळले आणि पिवळ्या सुरीला मागच्यापेक्षाही खोल, पक्की डावी धार पाजवली. पोरीशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात ती चालताच कामा नये, अशी.

रविवारी डावरी आली. तोंड उतरलेलं, डाव्या हाताच्या तर्जनीला पट्टी.

आईनं चहा दिला, गालावरून हात फिरवला. धारवाले बोटाकडे बघत राहिले. जो हात सुरी धरतो त्याला कापत नाही. कापतं ते भाजी धरणाऱ्या हाताला. डावरीचं बोट कापायचंच तर उजव्या हाताचं कापायला हवं होतं.

"बोटाला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. हवा थंड आहे ना आज."

"हवेनं कापलं?"

"अण्णा, सही केलीय मी."

तिला रिकामं बसवेना. आईपुढची बटाट्यांची परात तिनं ओढली, आईची सुरी घेतली आणि चिरायला लागली. उजव्या हातानं. सावकाश, जीभ दातात धरून, पण सरळ, एकसारख्या चकत्या.

आईच आधी बोलली. "अगं, हात कधी बदललास?"

डावरीनं सुरी ठेवली. बाहेर कुणी आहे का ते पाहिलं, दार लोटलं, आणि मग तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. कॅमेरा टेबलाच्या डाव्या बाजूला असतो. डाव्या हातानं चिरलं की हाताआड भाजी झाकते. पहिल्याच दिवशी सांगितलं, हात बदल, नाहीतर तुझं चिरणं दिसणारच नाही. "शाळेतल्या बाईंनी पट्ट्या मारून जमलं नाही ते यांनी एका वाक्यात करून घेतलं," ती म्हणाली. रोज पहाटे उठून तिनं उजव्या हाताचा सराव केला. जमायलाही लागलं होतं. झटपट हात दाखवायचे असले की नंतर वेगळे घेतात, दुसऱ्याच बाईचे. ते सगळ्यांचेच घेतात.

"मग तोंड का उतरलंय?"

"माझी सुरी कुणीतरी बिघडवतंय, आई. मी धारवाल्याची पोरगी आहे, पहिल्या कापालाच कळलं. उलटी धार लावलीय. मी हात बदललाय हे ज्याला माहीत आहे त्यानंच. पहिल्या आठवड्यात थोडी होती, या आठवड्यात तर पातं हातात राहीना. परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, या चकत्या आहेत की पायऱ्या? आणि मग बोट गेलं."

"कुणी केलं असेल?"

"हिरव्या टेबलाच्या ताई. शाळेत मुलांचं जेवण करतात. त्यांच्या पिशवीत छोटा निसणा असतो, मी डोळ्यांनी पाहिलाय. कंपनीच्या यंत्रातून सुऱ्या सारख्या येतात, म्हणजे हे नंतरच केलेलं. शुक्रवारी कॅमेऱ्यासमोर मी त्यांचं नाव घेतलं. उद्या दहा वाजता त्यांची चौकशी आहे. काढतील त्यांना."

"बरं केलंस," आई म्हणाली. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. धारवाले परातीतल्या बटाट्यांकडे बघत होते. "अहो, तुम्ही गप्प कसे? एरवी त्या हॉटेलवर, कॅमेऱ्यावर, परीक्षकाच्या मिशीवर संशय घेतला असता. आज कुणावरच नाही?"

 बायको पस्तीस वर्षांच्या संसारात मुरलेली. तिनं परात बाजूला सरकवली.

"काय केलंत?"

त्यांनी सांगितलं. यंत्र नाही, पेटी दर सोमवारी इथंच येते. आणि पिवळी सुरी. सांगताना आवाज चाकाच्या मोटारीसारखा घोगरा झाला. "तुझ्यासाठीच केलं," एवढं शेवटी म्हणाले आणि ते वाक्य त्यांनाच वाईट लागलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पात्यानं बरोबर सांगितलं होतं. ऐकणाऱ्यानं भलतंच ऐकलं होतं.

डावरी बराच वेळ बोटाची पट्टी गुंडाळत आणि सोडत बसली. "त्या ताई मला सकाळी चहा आणून देतात," ती म्हणाली. "बोट कापलं तेव्हा पट्टी त्यांनीच बांधली. आणि मी मनात म्हणत होते, बघा कशी साळसूद."

"माझ्यावर गेलीस," धारवाले म्हणाले.

"उद्या मी सांगते त्यांना."

"तुझ्या तोंडावर सही आहे. माझ्या नाही."

सोमवारी ते साडेनऊलाच टेकडी चढले. तीस वर्षांत प्रथमच हातात परत करायची पेटी नव्हती. मागच्या दाराशी कोठीवाला भाजीच्या टोपल्या उतरवून घेत होता. सगळं ऐकून तो एका टोपलीवरच बसला.

"अण्णा, माझी नोकरी जाईल."

"तुझं नाव मी घेणार नाही."

"नाव कशाला घ्यायला हवं? सुऱ्या काय चालत येतात तुमच्याकडे?" तो उठला, कपाळावरचा घाम पुसला, आणि तरीही दार उघडून पुढे झाला.

आत एवढा उजेड होता, की धारवाल्यांना चोरासारखं वाटायला लागलं. टेबलांवर भाज्या रचलेल्या, पाणी मारून चकचकीत केलेल्या. एका बाजूला खुर्चीवर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीचे बंद तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. हिरव्या टेबलाच्या ताई याच, हे सांगायला कुणी लागलं नाही. पलीकडे डावरी उभी. गळ्यात हेडफोन अडकवलेली, कार्यक्रम चालवणारी बाई घड्याळ बघत होती.

धारवाल्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ऐकताना हेडफोनवाली बाई घड्याळच बघत होती. संपल्यावर मात्र तिचे डोळे लुकलुकले.

"बाबा, हे पुन्हा सांगाल? कॅमेऱ्यासमोर? वडिलांचं प्रेम... लोकांना फार आवडेल. फक्त सुऱ्या दर आठवड्याला तुमच्याकडे येतात ते नको. कंपनीचं यंत्र आहे ना. असं म्हणा, एकदा चोरून आलात आणि धार लावून गेलात."

"मी चोरून कधी आलो?"

"म्हणायचं फक्त."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर शुक्रवारी तुमच्या मुलीनं जे म्हटलंय तेवढंच दाखवावं लागेल."

म्हणजे साऱ्या जगात हिरव्या टेबलाच्या ताईच चोर. धारवाल्यांनी डावरीकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही, नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. लहानपणी चाकाजवळ उभी राहून बघायची तशी.

"यंत्राचं मी काहीच बोलत नाही," ते म्हणाले. "आहे असंही नाही, नाही असंही नाही. चोरून आलो असंही नाही. जे घडलं त्यातलं माझ्या वाट्याचं तेवढं बोलतो. बाकी कापाकापी तुमचा धंदा."

दिवा तोंडावर आला. धारवाले कॅमेऱ्याकडे न बघता ताईंकडे वळून बोलले, "पिवळ्या सुरीला उलटी धार मी लावली. या ताईंनी तिला हात लावला नाही. माझी पोरगी चुकली, कारण मी चुकलो. ताई, माफ करा."

"छान," बाई म्हणाली. "आता एकदा सुरी हातात घेऊन. आणि जरा थांबून, डोळ्यांत पाणी येऊ द्या."

"नाही."

"एकदाच, बाबा."

"लागलेली धार उगाच पुन्हा पाजवली की पातंच झिजतं," ते म्हणाले आणि दिव्याच्या बाहेर आले.

डावरीला ठेवायचं की काढायचं ते वरचे लोक ठरवणार होते, पण एक हुकूम तिथल्या तिथं निघाला: सगळ्या सुऱ्यांच्या पट्ट्या काढायच्या आणि मगच धारेला द्यायच्या. खुणा काय त्या परत आल्यावर हॉटेलात. धारवाल्यांनी पिवळी सुरी कोठीतच सरळ करून दिली, कोठीवाला नाकाशी उभा. मग पट्टी निघाली आणि ती इतर सातांत मिसळून गेली; त्या आठवड्यात आणखी एक गळाला होता.

निघताना ताई त्यांच्या मागून आल्या. आता शिव्या खायच्या, अशा तयारीनं ते थांबले. ताईंनी पिशवीत हात घातला आणि छोटा निसणा काढला.

"हा मध्ये खोलगट झालाय," त्या म्हणाल्या. "सपाट करून मिळेल का?"

धारवाल्यांनी त्यावर बोट फिरवलं. वर्षानुवर्षं एकाच जागी घासलेला. "मिळेल. पाठवून द्या."

"पाठवते. आणि तिला सांगा, पट्टी रोज बदलायची."

मधला रविवार आला आणि गेला. डावरी घरी आली नाही. शूटिंग लांबलंय असा निरोप आला. खरं असेल. धारवाले दिवसभर दारात जाऊन येत राहिले.

पुढच्या सोमवारी धुकं नव्हतं, नुसता गार वारा होता. कोठीवाला नोकरीत होता, हेच पहिलं आश्चर्य. त्यानं पेटी ठेवली आणि तिच्यावर कागदात गुंडाळलेला निसणा ठेवला.

"सात," तो म्हणाला. "विचारू नका."

"विचारलं का मी?"

"हा ताईंनी दिलाय. म्हणाल्या, सावकाश करा, घाई नाही."

तो गेला. धारवाल्यांनी सात सुऱ्या फडक्यावर ओळीत मांडल्या. पट्टी नाही, खूण नाही. एकेकीवर नख फिरवलं. सातही उजव्या हाताच्या, सातही सारख्या झिजलेल्या. आठवी कुणाची होती? पोरगी या सातांत आहे की हॉटेलच्या एखाद्या खोलीत गुपित फुटू नये म्हणून बसून आहे? त्यांनी पुन्हा पहिल्यापासून नख फिरवलं. पात्यांनी काही सांगितलं नाही.

मग त्यांची नजर निसण्यावर गेली. घाई नाही, म्हणजे काय? ताई बाद झाल्या, आता सुरी लागणारच नाही, म्हणून घाई नाही? की माणूस आपला रीतीनं म्हणतो, तसं?

"अहो," आतून बायको म्हणाली, "काय म्हणाला तो?"

"घाई नाही म्हणाला."

"कशाची?"

"तेच बघतोय."

त्यांनी सुऱ्या बाजूला ठेवल्या. जुनी फरशी जमिनीवर पालथी घातली, तिच्यावर मूठभर बारीक वाळू पसरली, बादलीतलं पाणी शिंपडलं आणि ताईंचा निसणा उपडा धरून घासायला बसले. पुढे, मागे, गोल. थोड्या थोड्या वेळानं उचलून उजेडात धरायचा. कडा खाली येत होत्या. मधला खळगा अजून होता.

त्यांनी आणखी पाणी घातलं.